हद्दीवरचा ओक

व्हर्जिनियात नदीकाठी थॉर्नबीसाहेबांचा तंबाखूचा मळा होता. साहेब कायदेमंडळातलं बडं प्रस्थ, आणि शेजारचं पेल्हॅम घराणंही तितकंच तालेवार. दर चार वर्षांनी दोन्हीकडची माणसं पंचांसोबत हद्द पायी फिरून ती पक्की करत. यंदा पुरानं हद्दीवरचा ओक मुळासकट नेला, आणि पेल्हॅम काठच्या जमिनीवर हक्क सांगू लागले.

नेमकी जागा कुणालाच खात्रीनं सांगता येईना, तेव्हा थॉर्नबींनी आपल्या म्हाताऱ्या गुलाम बाईला, फीबीला बोलावलं.

"ओक कुठं होता, दाखव यांना."

फीबी तो कसा विसरेल? वीस वर्षांपूर्वी थॉर्नबींच्या मुकादमानं तिच्या नवऱ्याला त्याच झाडाला बांधून जीव जाईस्तोवर मारलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत. मुकादमावरच्या खटल्यात न्यायासनावर थॉर्नबीच होते.

ती चार पावलं चालून थांबली. "मालक, त्या झाडापाशी काय पाहिलं ते मी सांगायला आले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष चालत नाही. पेल्हॅमसाहेबही गोरेच आहेत."

पंचांनी माना डोलावल्या आणि पेल्हॅम म्हणाले तिथं खुंटी ठोकली.

फीबी जागची हलली नाही. ओकाची जागा नेमकी तिच्या पायाखाली होती.