युवराजांच्या नमस्काराची मोहोर

भर दरबारात युवराज चित्रसेन वडिलांना नमस्कार करायला वाकला आणि अर्ध्यावरच थांबला. मान खाली, पाठ आडवी, उजवा हात मात्र पसरलेला!

“ऊठ की आता!” राजा भद्रसेन म्हणाला.

“आधी मोहोर, आबासाहेब!”

“नमस्काराची मोहोर?”

“हा अर्धा झालाय. पुरा हवा असेल तर काढा!”

दोष राजाचाच होता. पंधरा वर्षांच्या युवराजाला अभ्यासाचा भारी कंटाळा. म्हणून राजाने दवंडी पिटून शब्द दिला होता : शास्त्रीबुवांनी चांगला गुण दिला, की युवराजांना एक सोन्याची मोहोर! सुरुवातीला युवराज झटून अभ्यासाला लागला. मग तो गणिताचं उत्तर सांगण्याआधी भाव करू लागला. कविता म्हणताना शेवटची ओळ अडवून धरू लागला. आणि आता तर राणीसाहेबांनी भरवलेला घासही गालात धरून बसायचा. मोहोर दिसली, की गिळायचा!

दरबारात हार घेऊन आलेली माळ्याची मुलगी गिरजा ते ओणवं ध्यान पाहून खुदकन हसली.

“कोण हसलं?” राजा गरजला.

“मी, महाराज. युवराजांची पाठ आखडेल, म्हणून काळजीनं हसले.”

“फार शहाणी दिसतेस! मग ऐक. पुढच्या पौर्णिमेपर्यंत युवराजांनी आपणहून, फुकट अभ्यास केला पाहिजे. त्यांना मारायचं नाही, ओरडायचं नाही. आणि गुणाला मोहोर हा माझा शब्दही मोडायचा नाही! जमलं तर बक्षीस. नाही जमलं, तर बापलेकीनं राज्य सोडायचं!”

मागे उभ्या असलेल्या गिरजाच्या बापाने घाबरून हात जोडले. सारा जन्म त्याने राजवाड्याच्या बागेत घातला होता. पण गिरजा पुढे होऊन म्हणाली, “महाराज, शब्द तुमचा. चांगल्या गुणाला मोहोर. पण गुण कशाचा, ते कुठं बोललात?”

“म्हणजे?”

“उद्यापासून अभ्यासाला गुण बंद. शास्त्रीबुवांनी युवराजांच्या खेळाला गुण द्यावेत!”

“खेळाला मोहोर?” युवराज टुणकन ताठ झाला. “मला मान्य आहे!” आनंदाच्या भरात त्याने उरलेला नमस्कारही करून टाकला.

दुसऱ्या दिवशी युवराजाने गच्चीवर पतंग उडवला. हां हां म्हणता पतंग आभाळात गेला. तोच मागून आवाज आला, “शेपटी डावीकडे झुकते आहे. गुण नाही!”

शास्त्रीबुवा! जानवं सावरत, डोळे बारीक करून ते आभाळ तपासत होते.

“अहो बुवा, वारा डावीकडे आहे!”

“सबबी नकोत. पतंग उतरवा आणि पुन्हा पहिल्यापासून उडवा!”

युवराज वैतागून आंबा खायला बसला. बुवा समोर येऊन बसले. “रस कोपरापर्यंत ओघळला नाही. चोखण्यात मन नाही. गुण नाही!”

युवराज तळ्यात पोहायला गेला. बुवा काठावरून म्हणाले, “पाणी कमी उडालं!” युवराज रागारागाने पलंगावर आडवा झाला. डोळा लागतो न लागतो, तोच कानाशी आवाज आला, “घोरण्यात सूर नाही! आणि मध्येच थांबता! पुन्हा घोरा!”

“घोरणं हा खेळ आहे का?” युवराज किंचाळला.

“अंथरुणात लोळणं हा खेळ आहे ना? मग घोरणंही त्यातच आलं!” बुवा शांतपणे म्हणाले. त्यांना आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

चार दिवसांतच पतंग पाहिला, की युवराजाच्या पोटात दुखू लागलं. आंब्याच्या वासाने तो नाक दाबू लागला. मोहोर तर एकही मिळेना!

पौर्णिमा उजाडली आणि युवराज नाहीसा झाला. गच्चीवर नाही, तळ्यावर नाही, पलंगाखालीही नाही. राणीसाहेब रडू लागल्या.

“पोरी, हा तुझा उपाय?” राजा संतापला. “माझा मुलगा पळाला!”

“पळाले असतील महाराज, पण बुवा जिथं कधीच जाणार नाहीत, अशाच जागी. अभ्यासाला गुण नाहीत, मग बुवा ग्रंथशाळेत कशाला जातील?”

सगळे धावत ग्रंथशाळेत गेले. कोपऱ्यात चौरंगाच्या आडोशाला युवराज पालथा पडला होता. समोर दर्यावर्दींच्या सफरींची जाडजूड पोथी उघडी होती. तो वाचता वाचता बोटाने जमिनीवर गलबताची वाट आखत होता आणि तोंडाने वाऱ्याचा वेग मोजायचं गणित करत होता!

राजाचा ऊर भरून आला. तो हळूच पुटपुटला, “औषधाला गुण आला!”

“गुण?” युवराज दचकून उठला. “कुणी दिला? बुवा आलेत का इथं?”

“नाही रे बाळा! माझं मन भरून आलंय. ही घे शंभर मोहरांची थैली!”

“नको आबासाहेब!” युवराज पोथी छातीशी धरून मागे सरकला. “पाया पडतो, नको! मोहोर म्हटली, की मागोमाग बुवा येतात! एवढी एकच जागा उरलीय हो मला! गलबत वादळात सापडलंय, मला पुढचं वाचू द्या!”

आणि त्याने खरोखरच वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. पुरता नमस्कार केला. हात पसरला नाही!

राजाने खूश होऊन गिरजाकडे पाहिलं. “जिंकलीस, पोरी! बोल, तुला काय देऊ?”

“काहीही द्या, महाराज,” गिरजा हात जोडून म्हणाली, “फक्त गुण देऊ नका! अजून मला हसत खेळत जगायचंय!”

राजा पोट धरून असा हसला, की मुकुट घरंगळत शास्त्रीबुवांच्या पायाशी गेला. बुवांनी सवयीने तो निरखला आणि म्हणाले, “घरंगळणं उत्तम!” मग तर राणीसाहेबही डोळे पुसत हसू लागल्या.

राजाने गिरजाला पांढरीशुभ्र घोडी दिली आणि तिच्या बापाला राजवाड्यातल्या सगळ्या बागांचा मुख्य माळी केलं. त्याच संध्याकाळी नगरातून गिरजाची मिरवणूक निघाली. घोडीचा लगाम धरून पुढे स्वतः युवराज चालला होता. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात उघडी पोथी, आणि मागे वळून गिरजाला सारखं एकच, “घोडी जरा हळू घे, इथं अक्षर बारीक आहे!”