पाय लागलेलं पाणी

त्या कुरणात पाणी एकाच डोहात होतं, आणि ते नेहमी गढूळ असे. म्हशींना त्यात काही वावगं वाटत नसे. म्होरक्याचा पाय लागल्याशिवाय पाणी पिण्याजोगं होत नाही, अशी तिथली रीतच होती. रोज सकाळी म्होरक्या आधी डोहात उतरे, पोटभर पिई, मग मधोमध बसून डुंबे. आणि त्याचं समाधान झालं की काठावरचा कळप उरलेला चिखल भक्तिभावाने पिई. पोटं दुखत. पण पाण्यात कस आहे म्हणूनच ती दुखतात, असं जाणती मंडळी सांगत.

शिंगाळ्या नावाच्या रेड्याने हे पद पुष्कळ वर्षं भोगलं. शेवटी तो इतका जड झाला, की एकदा डोहात बसला तो उठेचना. सगळ्या कळपाने ढुशा देऊन त्याला बाहेर काढला, तेव्हा त्याने मोठ्या मनाने पद सोडल्याचं जाहीर केलं.

त्याच्या जागी भिंगरीची निवड झाली. भिंगरी पान गळालं तरी दचकायची. पण तिच्या दचकण्यामुळेच कळप बिबट्याच्या तावडीतून कितीदा वाचला होता, हे कुणी विसरलं नव्हतं.

पहिल्या सकाळी ती डोहाशी आली. रात्रभरात निवळलेल्या पाण्यातून एक म्हैस डोळे विस्फारून तिच्याकडेच बघत होती. भिंगरी झटकन मागे सरली.

"अगं, तूच आहेस ती," कळपातली सर्वांत थोरली चंद्रीमावशी म्हणाली. "ते वाकडं शिंग दुसऱ्या कुणाचं असणार? चल, पाय लाव लवकर. मैनाचं रेडकू बघ कसं झालंय."

मैनाचं रेडकू आईच्या पायांशी पडलं होतं. हगवणीने त्याच्या बरगड्या वर आल्या होत्या आणि तहानेने जीभ बाहेर. आणखी एक दिवस ते काढेल, असं खुद्द मैनालाही वाटत नव्हतं.

भिंगरीने पाय उचलला. पाण्याखाली तळातले खडे स्वच्छ दिसत होते. खूर टेकला की तो तळ वर येणार, आणि तोच त्या पोराच्या पोटात जाणार. तिचा पाय तसाच अधांतरी राहिला.

"त्याला आधी पिऊ द्या," ती म्हणाली. "काठावरूनच. मग बाकीच्यांनी प्या."

"आणि तू गं?"

"मी मागे थांबते. झाडीत मघापासून काहीतरी हलतंय."

"सरडा असेल."

"असेल. पण बघते."

शिंगाळ्याने नाक फेंदारलं. "रेडकू आधी आणि म्होरकी शेवटी? मग म्होरकी ओळखायची तरी कशी?"

"ते मला नाही सांगता येणार, काका. तुम्हीही पिऊन घ्या ना."

मैनाने रेडकाला ढोसून काठापर्यंत नेलं. ते प्यायलं, थांबलं, पुन्हा प्यायलं. शिंगाळ्याही प्यायला. "चवच नाही याला," असं म्हणून त्याने आणखी एक मोठा घोट घेतला.

रेडकू जगलं. इतकं जगलं, की शिंगाळ्याच्या पोटाला ढुशा देणं हा त्याचा रोजचा खेळ झाला. पोटदुखी मात्र कुरणातून गेली, आणि कस नसलेल्या पाण्यावर म्हशी तुकतुकीत दिसू लागल्या.

ही वार्ता ऐकून डोंगरापलीकडचा एक परका रेडा आसऱ्याला आला. आल्या आल्या म्होरक्यापुढे मान लववायची, एवढं तो शिकून आला होता. त्याने डोहाच्या मधोमध पाहिलं. तिथे फक्त आभाळ होतं. मग सर्वांत मोठी शिंगं हेरून तो शिंगाळ्यापुढे वाकला. शिंगाळ्याचं तोंड पाण्याने भरलेलं होतं. त्याने नुसतीच मान हलवली, नाही म्हणून.

परका काठाकाठाने चालत निघाला. प्रत्येकाच्या ओठांवरून पाणी ठिबकत होतं. शेवटी, झाडीकडे कान लावून उभ्या असलेल्या एका बारक्या म्हशीचं तोंड त्याला कोरडं दिसलं. तो तिच्यापुढे थांबला आणि त्याने मान लववली. ती दचकली.