चांदीचे दूध

फार जुनी गोष्ट, आपल्या पणजोबांनाही ऐकूनच ठाऊक असलेली. डोंगराळ मुलखातल्या एका राज्यात मोठी ग्रंथशाळा होती. तिथे पोथी ठेवायची, तर शेवटच्या पानावर एक ओळ लिहावीच लागे: हे कोणी पाहिले. ज्याने स्वतः करून पाहिले, त्याचे नाव तिथे यायचे. मग त्या पोथीच्या नकला गावोगावी जात.

राजधानीत एक वैद्य होता. हाताला गुण होता, मन मायाळू होते. पण नावाची भूक भारी. इतक्या पोथ्यांत आपले नाव एकीवरही नाही, हे त्याला सलत असे.

त्या काळी लहान मुलांना खोकल्याची वाईट साथ यायची. नदीपलीकडच्या एका धनगर आजीला त्यावर उपाय ठाऊक होता. वैद्य तिच्याकडे जाऊन चार दिवस राहिला, तिच्या हातची भाकरी खाल्ली. आजीने हातचे काही राखले नाही. कोणते मूळ, कधी खणायचे, किती द्यायचे, सारे सांगितले. शेवटी म्हणाली, "आन् ते चांदीच्या दुधात उगाळायचं बरं का, वैद्यबुवा."

चांदीचे दूध म्हणजे काय, हा प्रश्न वैद्याच्या जिभेवर आला होता. पण एवढ्या मोठ्या वैद्याने विचारायचे कसे? चांदीच्या वाटीत तापवलेले दूध असणार, असे त्याने आपले ठरवून टाकले. घरी येऊन पोथी लिहिली आणि शेवटच्या पानावर लिहिले: हे मी पाहिले. राजाने त्याला शाल दिली. नकला गावोगावी गेल्या.

हिवाळ्यात साथ आली. लोकांनी पोथी उघडली. गरिबांनी चांदीच्या वाटीसाठी दारोदार हात पसरले. मूळ उगाळले, पाजले, पण गुण येईना. इकडे वैद्याची नात खोकून खोकून निळी पडू लागली. त्याने आपल्याच पोथीतले औषध दिले, तेही वाया गेले. तेव्हा नातीला उराशी धरून तो नदीपलीकडे धावला. निदान कुठे जायचे, हे त्याला ठाऊक होते.

आजीने ऐकून घेतले आणि दाराकडे तोंड करून हाक मारली. एक पांढरी शेळी आत आली.

"आवं, चांदी म्हंजी ही माझी शेळी," आजी म्हणाली. "शेळीचं दूध लागतं. इचारायचं तरी."

तीन दिवसांत नात हसू लागली. वैद्याला मात्र हसू येईना. त्याने आजीच्या पायांवर डोके ठेवले आणि पोथीवर तिचे नाव घातले नाही, हे कबूल केले. आजीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"नावाचं मला काय करायचंय, बाबा? पर नाव असतं, तर इचारायला कुणी आलं असतं."

वैद्याने भर दरबारात चूक सांगितली, शाल परत केली. शेवटचे पान नव्याने लिहिले: हे नदीपलीकडच्या धनगर आजीने पाहिले. मी ऐकून लिहिले, तेही चुकीचे. ते पान आणि खरा उपाय घेऊन तो स्वतः गावोगाव फिरला. बहुतेक ठिकाणी वेळेवर पोचला.

एका गावात मात्र एक आई रिकाम्या पाळण्याशी बसली होती. वैद्याने तिला पान वाचून दाखवले. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "ही आजी नदीच्या पल्याड ऱ्हाती?"

वैद्याने होकाराची मान हलवली.

"तिच्या चुलीचा धूर आमच्या शेतातनं दिसतो," ती म्हणाली. "आमी लेकरू घिऊन चालत गेलो असतो."

वैद्य तिच्या शेजारी बसून रडला.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, दुसऱ्याचे ज्ञान घ्याल तर त्याचे नावही लिहा. नाव पुसले की विचारायला जायची वाटच पुसली जाते.