धूर नाही, मालक

त्या रानात विस्तव फक्त हत्तीनं ठेवायचा, असा कायदा होता. कायदा हत्तीनंच केलेला. नदीपलीकडच्या अस्वलांनी तो केव्हाच मोडला होता, पण त्यांना हत्तीकडून काही नको होतं, मग त्यांना कोण विचारणार?

काटे मागायची डुकरं. खिंडीतून लांडगे येत, म्हणून हत्ती त्यांना कुंपणाला बाभळीचे काटे देई. अट एकच. दर हिवाळ्याआधी भुरक्या तरसानं डुकरांच्या घळीत हुंगून यायचं आणि धूर नाही, असं सांगायचं.

भुरक्याला पहिल्याच वर्षी वास आला. तसं त्यानं सांगितलं.

"खिंडीत लांडगे उभे आहेत," हत्ती म्हणाला, "आणि तुला सर्दी झालीय."

मग त्याला दरवर्षीच सर्दी होत गेली. काटे जात राहिले. घळीतला धूर दाट होत राहिला. भुरक्या म्हातारा झाला.

एका वर्षी लांडगे कंटाळून निघून गेले. भुरक्या लंगडत घळीत पोचला, तेव्हा डुकरांची म्हातारी करवंदी वाटेतच उभी होती.

"या तरसोबा. सर्दी काय म्हणते?"

"विझव तो विस्तव, बये. औंदा नीट हुंगून ये म्हणालेत मालक."

"लांडगे गेले म्हणून ना?"

भुरक्या आपला लंगडा पाय चाटू लागला.

"अस्वलांनी माझी निम्मी पिल्लं नेली, तेव्हा तुझा मालक कुठं होता? मी विझवते. पुढल्या साली काटे येतील, असा शब्द दे."

"माझ्या शब्दाला कुत्रं विचारत नाही, करवंदे."

"मग जा. सांग जा."

त्यानं सांगितलं. हत्तीनं असा सुस्कारा टाकला, जसं काही त्याला आजच कळलं. "कायदा म्हणजे कायदा," म्हणाला, आणि आपल्या शेकोटीत आणखी एक ओंडका सारला. काटे बंद झाले.

जुन्या कुंपणाला वाळवी लागली होती. थंडी पडली तशी त्याला भगदाडं पडली. डुकरं वठणीवर आली का बघायला हत्तीनं भुरक्याला पुन्हा धाडलं. ऊन उतरताना तो घळीवरच्या टेकाडावर पोचला. हुंगायचं काही उरलंच नव्हतं. कुंपणाला जिथं जिथं भगदाड होतं, तिथं तिथं करवंदीनं निखारे मांडले होते, आणि पिल्लं त्यांना अगदी खेटून निजली होती.

नदीच्या पलीकडच्या काठावर अस्वलं आपल्या विस्तवावर घाईघाईनं आणखी लाकडं रचत होती.