कोमट पाणी

“…आणि घुसळण चालू असताना बाईनं दारात येऊन डेऱ्यात डोकवायचं असतं का, बाबा? तुमीच सांगा!”

कोंडाबाईनं दह्याचा डेरा मठाच्या ओट्यावर टेकवला आणि रवी शेजारी आपटली.

डोंगरावरच्या गवळ्यांच्या वस्तीत तिचा शब्द खाली पडत नसे. पंधरा म्हशींचं दूध तिच्या घरी. आणि ऐन पौषात तीन दिवस घुसळून हातांना फोड आले, तरी लोण्याचा कण वर आला नव्हता.

“कोण डोकावलं?” सोमगीर बाबांनी विचारलं.

“ठकी! नवऱ्यामागं एकटी ऱ्हाते. लेकरू न्हाई, बाळ न्हाई. ताक मागायला आली अन् नजर लावून गेली. दारावर बिब्बा टांगला, मीठ-मोहऱ्या उतरवल्या. शेवटी रवीच्या दोरीनं झोडपली तिला. तरी लोणी न्हाई! जालीम उतारा द्या, न्हाईतर उद्या तिला वस्तीभायेर काढतो आमी.”

बाबांनी डेऱ्यात हात घातला… काढला.

मग आत जाऊन चुलीवरचं कोमट पाणी तांब्याभर आणलं आणि डेऱ्यात ओतलं.

“घुसळ.”

ओट्याच्या खांबाला रवी अडकवून कोंडाबाईनं दोरी ओढायला घेतली. बऱ्याच वेळानं आतला आवाज जड झाला. तो आवाज ती लहानपणापासून ओळखत होती.

पांढरंशुभ्र लोणी वर आलं.

तिचे डोळे भरले. “कुठला मंत्र घातलात, बाबा?”

“पाणी घातलं. दही गारठलं होतं.”

“…एवढंच?”

“एवढंच.”

कोंडाबाईनं रवी बाजूला ठेवली. डेऱ्यातून लोण्याचा गोळा काढून बाबांपुढं धरला.

“ठकीला ऱ्हाऊ देते वस्तीत. सांगते समद्यांना, बाबांनी तिची नजर उतरवली म्हणून. मिटलं!”

बाबांनी तिचा हात झिडकारला. त्यांचा आवाज चढलेला वस्तीनं कधी ऐकला नव्हता.

“माझ्या नावावर खपवतेस? नजर नव्हतीच म्हणून सांग! पाणवठ्यावर, चार बायांत!”

“बाया तोंडात शेण घालतील माझ्या!” तीही उसळली. “वस्तीत तोंड कसं दाखवू मी?”

बाबांनी रिकामा तांब्या उचलला.

“ठकीला विचार. तीन दिवस ती तोंड दाखवतेच आहे.”