नदीपलीकडचं कुरण

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राजे पुष्कळ होते आणि त्यांना कामं थोडी होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका राज्यात मायाप्पा नावाचा धनगर राहत असे. त्याच्याजवळ मेंढरं होती, बाळाक्का नावाची बायको होती आणि तांबड्या नावाचा एक दांडगा कुत्रा होता. गावापुढून नदी वाहत होती. पलीकडे टेकडीच्या उतारावर हिरवंगार कुरण होतं. मायाप्पाचं लहानपण त्या कुरणात गेलं होतं. पुढे ते राजाला आवडलं, आणि राजाला आवडलेल्या गोष्टीला कुंपण पडतं.

तेव्हापासून मायाप्पा रोज संध्याकाळी अलीकडच्या काठावर बसून पलीकडे बघत असे. मेंढरं कोंडायची जाळी आई कुठे लावायची, चूल कोणत्या दगडाच्या आडोशाला मांडायची, हे सगळं आपल्याला इथून दिसतं, असं तो म्हणे. बाळाक्काला तिथे नुसतं गवत दिसे. पण ती तसं बोलत नसे.

राजाची राणी दूरच्या थंड देशातली होती. माहेराहून येताना तिने काळे-पांढरे कुत्रे आणले होते. हे कुत्रे भुंकत नसत, चावत नसत. जमिनीलगत दबकत जायचे आणि मेंढरांकडे नुसते रोखून बघायचे, की मेंढरं मुकाट वळायची. राजा हे बघून इतका खूश झाला, की त्याने दरवर्षी दसऱ्यानंतर स्पर्धा ठरवली. धनगराने मैदानातल्या खुंटीजवळ उभं राहायचं, जागा सोडायची नाही. कुत्र्याने टेकाडावरून पाच मेंढरं आणायची, दोन फाटकांमधून काढायची आणि कोंडवाड्यात घालायची. जिंकेल त्याची मेंढरं दिवाळीपासून होळीपर्यंत राजाच्या कुरणात चरतील.

मायाप्पा दरवर्षी तांबड्याला घेऊन जाई आणि दरवर्षी हरून येई. तांबड्या मेंढरं आणायचा, पण त्याआधी मैदानाला एक फेरी मारायचा आणि प्रत्येक झुडूप हुंगायचा. मेंढरं कोंडवाड्यात गेली, की दाराशी बसायचा, तोंड रानाकडे आणि पाठ सिंहासनाकडे करून. परीक्षक म्हणायचे, कुत्रा संथ आहे, शिवाय उद्धट आहे. राजाकडे पाठ करणारा कुत्रा जिंकला, असं राज्यात कधी झालं नव्हतं.

शेवटी मायाप्पा राजवाड्याच्या श्वानाध्यक्षाकडे गेला आणि एक काळा-पांढरा कुत्रा मागितला. श्वानाध्यक्ष स्वतः कुत्र्यांना फार भीत असे, म्हणून तो नियमांना धरून असे. त्याने सांगितलं, "एक कुत्रा बाहेर गेला तर एक आत यायला हवा. महाराजांच्या कुत्र्यांची गणती बिघडता कामा नये."

मायाप्पा घरी येऊन तांबड्याकडे बघत बसला. बाळाक्काने ओळखलं.

"कुरन मिळंल वो," ती म्हणाली, "पर राखनार कोन?"

"त्यो काळा-पांढरा बी कुत्राच हाय की," मायाप्पा म्हणाला.

तांबड्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा होता, लांडग्याने नरडं धरू नये म्हणून. मायाप्पाने तो काढून घेतला. नव्या कुत्र्याच्या बारीक मानेला तो सैल होणार होता, म्हणून पट्टा घरातल्या खुंटीला टांगून ठेवला.

राजवाड्याच्या फाटकात दोन्ही कुत्र्यांची गाठ पडली. तांबड्याने विचारलं, "लांडगा बघितलास का कधी?"

"नाही," काळा-पांढरा म्हणाला. "त्याला किती फाटकांतून काढायचं असतं?"

तेवढ्यात शिपाई तांबड्याला साखळीने बांधू लागले.

त्या वर्षी मायाप्पा जिंकला. खुंटीजवळून शीळ घातली, की कुत्रा वळे. दुसरी घातली, की जमिनीला चिकटे. पाच मेंढरं एका ओळीत आत गेली. परीक्षकांनी माना डोलावल्या. दिवाळी झाली आणि मायाप्पा बाळाक्कासह होडग्यातून मेंढरं घेऊन पलीकडे उतरला. आईच्या चुलीचा दगड खरोखरच तिथे होता. त्यावर हात ठेवून तो बराच वेळ बसला.

पण संध्याकाळ झाली, की त्याला करमेनासं होई. तो काठावर येऊन गावाकडच्या तीराकडे बघू लागला. तिकडे राजवाड्याच्या फाटकाशी एक तांबूस ठिपका दिसे. इतकी वर्षं मायाप्पाला इथे यायचं होतं. आता इथून तिथे बघणं चाललं होतं. नदी तेवढीच रुंद होती.

एका संध्याकाळी वारा टेकडीकडून नदीकडे वाहत होता. एकाएकी राजवाड्यापाशी तांबड्या भुंकू लागला, साखळी ताणून, जिवाच्या आकांताने. मायाप्पाचे डोळे भरून आले. तो काठावर उभा राहून ऐकत राहिला.

"बघ, माझी आठवन काढतोय," तो बाळाक्काला म्हणाला.

बाळाक्काने मागे वळून बघितलं आणि ती किंचाळली. लांडगे झुडपांतून कळपात शिरले होते. काळ्या-पांढऱ्या कुत्र्याने पाच मेंढरं सुरेख गोळा करून दगडाशी आणली होती आणि तो मायाप्पाच्या तोंडाकडे बघत शिळेची वाट पाहत होता. त्याची काही चूक नव्हती. बाकीच्या मेंढरांतली फार थोडी वाचली.

सकाळी मायाप्पा राजवाड्यावर गेला. फाटकाशी नुसती साखळी पडली होती. महाराजांच्या जेवणाच्या वेळी विनाकारण भुंकल्याबद्दल तांबड्याची बदली सरहद्दीवरच्या एका किल्ल्यावर झाली होती. कोणत्या, ते श्वानाध्यक्षालाही ठाऊक नव्हतं. गणती मात्र पुरी होती.

पुढच्या वर्षी मायाप्पाने स्पर्धेत नाव दिलं नाही. कुरण प्रधानाला मिळालं, ज्याच्याकडे एकही मेंढरू नव्हतं. मायाप्पा पुन्हा अलीकडच्या काठावर बसू लागला, पण आता तो कुरणाकडे बघत नसे. सरहद्दीकडे जाणाऱ्या वाटेकडे तोंड करून तो जुनी हाळी घाली आणि थांबे. काळा-पांढरा कुत्रा शेजारी बसून कान टवकारी. आणि काही दिवसांनी, कोणी न शिकवता, तोही तांबड्यासारखा पाठ वळवून रानाकडे तोंड करून बसू लागला.

तात्पर्य: जे लांबून दिसतं त्याच्यासाठी, जे आपल्यामागे बसून राखण करतं ते देऊन टाकू नये.