कातडीचा स्नायू

“ज्याच्या घराण्यात पैलवान नाही, त्याला ह्या हौदात माती नाही. का, ते विचारायचं नाही,” तात्या चौगुले म्हणाले.

“का?” केतकी लोहारने विचारलंच.

ती आधीच कुस्तीच्या हौदात, लाल मातीत उतरली होती. अनवाणी, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत दुमडून. काठावर तात्यांसह तालमीचे तिघे पंच उभे होते. म्हातारे वस्ताद बाळगोंडा एका कडेला, माती मऊ राहावी म्हणून, तिच्यावर ताक शिंपडत होते. त्यांनी मान वर केली नव्हती.

“रक्तातच असावं लागतं, पोरी. लोहाराची तू. जा, भाता ओढ.”

पंच हसले.

“रक्तातलं मला सांगू नका, तात्या. कॉलेजात मी तेच शिकते.”

“काय शिकतीस?” वस्तादांनी विचारलं.

“माणसात एक जनुक असतं, मायोडी. त्यापासून एक प्रथिन बनतं. ते पेशीतल्या निजलेल्या जनुकांना हलवून उठवतं. चला, म्हणतं, स्नायू घडवा! मी ते जनुक कातडीच्या पेशींत घातलं. आठवड्यात पेशी लांबल्या, एकमेकींना जुळल्या आणि... फडफडल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

तिचा आवाज चढला होता. छाती अभिमानाने भरून आली होती, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

“ती निजलेली कुठनं आणलीस?”

“आणली नाहीत, वस्ताद. आतच होती. सगळ्यांच्यात असतात. तात्यांच्या कातडीतसुद्धा.”

तात्यांनी नकळत दंड चाचपला.

“मग परत कातडी होती का त्याची?” वस्तादांनी विचारलं.

“नाही. स्नायू झालेली पेशी मागं फिरत नाही. एकीच्या दोनही होत नाहीत मग.”

“हं...”

ताकाची धार थांबली.

“म्हंजे तुला मागं फिरायचं तर आत्ताच. ये बाहेर. पाय धू आन् घरी जा.”

“नाही येणार.”

“वस्ताद सांगत्यात!” तात्या ओरडले.

“कुणीही सांगू दे. नाही येणार. ओढून काढा.”

तिने पाय मातीत रोवले. तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

कुणी पुढे आलं नाही.

वस्तादांनी तांब्या खाली ठेवला. नव्या पैलवानाने हौदाची माती खणायचं, भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं आणि तिच्या पुढ्यात टाकलं.

“खण. तळाला कुणाचं घराणं सापडलं, तर वर आणून मला दाखव.”